उंडीखालची आळी

मामाचा फोन आला तेव्हा मी ठाण्याला लोकलमध्ये लटकत होते, नीट ऐकूही येत नव्हतं. एवढंच कळलं की मोजणीवाले येऊन गेले आणि तेल्यांच्या जाग्यात चुन्याची फक्की मारून गेले. तेल्यांची जागा म्हणजे माझ्या आजोळी, अलिबाग तालुक्यात, गावाबाहेर खाडीकडे जाताना डाव्या हाताला उंडीच्या मोठ्या झाडाखाली असलेलं ज्यू लोकांचं कबरस्तान. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही.

त्या शनिवारी भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला उतरले आणि थेट तिथेच गेले, मामाकडे चहाला पण थांबले नाही. पांढरी रेघ बांधावरून उतरून सरळ आत गेली होती. एका कबरीच्या उशाजवळून, दुसरीच्या बरोब्बर पोटावरून. पूर्वेकडचा गडगा चार-पाच हात काढून टाकलेला, त्याचे जांभे दगड बाजूला रचून ठेवलेले. मी तिथे किती वेळ उभी होते माहीत नाही. लहानपणी या जागेजवळून जाताना आम्ही श्वास रोखून पळायचो, आणि आता मला पहिल्यांदाच तिथे भीती वाटली ती त्या फक्कीची.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते. कोकणातले ज्यू म्हणजे बेने इस्राएल. त्यांची परंपरा सांगते की फार पूर्वी त्यांच्या पूर्वजांचं गलबत नवगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात बायका जिवंत किनाऱ्याला लागल्या, बाकीच्यांची प्रेतं वाहत आली ती तिथेच पुरली, पुरुषांची एका उंचवट्याखाली आणि बायकांची दुसऱ्या. नवगावला आज त्याची आठवण म्हणून स्तंभ उभा आहे. पोथ्या-पुस्तकं सगळी बुडाली, लक्षात राहिली ती शेमाची प्रार्थना आणि शनिवारी काम करायचं नाही एवढी गोष्ट. घाण्यावर तेल गाळायचा धंदा धरला आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक म्हणायला लागले शनिवार तेली. आडनावं गावावरून पडली, नवगावकर, पेणकर, रोहेकर, किहीमवरून केहिमकर. म्हणजे बघा, जे लोक बाहेरून आले असं आपण म्हणतो त्यांनी या किनाऱ्यावरची गावं आडनावात बांधून घेतली, आणि १९४८ नंतर बहुतेक घरं इस्राएलला गेली तेव्हा ती गावं पण त्यांच्याबरोबर गेली. तिकडे अश्दोदला, दिमोनाला, लोदला आमच्या बाजूच्या खेड्यांची नावं लोकांच्या दारावर लिहिलेली आहेत. मेलेली माणसं मात्र इथेच राहिली.

माझ्या आजीच्या लहानपणी आमच्या गावात त्यांची पाच घरं होती. आजी सांगायची की त्यांच्या नवीन वर्षाला चिकाचा हलवा यायचा, गव्हाचा चीक आणि नारळाचं दूध घालून केलेला, वड्या पाडून, केळीच्या पानात. आणि आमच्याकडून त्यांना काय जायचं तर फराळाचं ताट, त्यात काय चालतं काय नाही हे माझ्या पणजीला तोंडपाठ. उंडीचं तेल त्यांच्याच घाण्यावर निघायचं. उंडीच्या बिया वेचून, सुकवून द्यायच्या, कडू तेल यायचं, ते दिव्याला. खायला नाही, दिव्याला. म्हणजे वीज यायच्या आधी गावातला संध्याकाळचा उजेड त्या घाण्यातून यायचा. शेवटचं घर साठच्या दशकात गेलं. घराच्या जागी आता पतपेढी आहे.

मग इतकी वर्षं ती जागा टिकली कशी, यावर मी बराच विचार केला, आणि मला मिळालेलं उत्तर मला स्वतःलाच आवडलं नव्हतं. ती भीतीने टिकली. गावात सगळ्यांना माहीत होतं की तिथे राखणदार आहे, न दिसणारा, जागा राखणारा. म्हणजे ज्यूंच्या कबरस्तानाला आमच्या गावाने आपला राखणदार देऊन टाकला होता! तिन्हीसांजेला कोणी तिकडे फिरकत नसे, उंडीचं लाकूड तोडत नसे, गडग्याचा दगड घरी नेत नसे. कोणी एकाने नेला आणि त्याची म्हैस मेली ही गोष्ट माझ्या आईने, मामाने, मावशीने प्रत्येकाने वेगळ्या माणसाचं नाव घेऊन सांगितलीय. मी शाळेत असताना या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणायचे. आता तिथे राखणदाराचं कोणालाच काही वाटत नाही, कारण गुंठ्याचा भाव कोणत्याही राखणदारापेक्षा मोठा झाला. २०२० ला रो-रो बोट सुरू झाली, गाडीसकट माणूस तासाभरात मांडव्याला, मग २०२४ ला अटल सेतू, आणि आमच्याकडच्या आंब्याच्या कलमांपेक्षा प्लॉटच्या पाट्या जास्त झाल्या. मुंबईच्या एका पार्टीने आजूबाजूची जमीन घेतली, लेआउट पाडला, आणि लेआउटमध्ये आतला रस्ता सरळ पाहिजे. तेवढंच कारण. कोणाला कबरींवर राग नव्हता. कोणी ज्यूंच्या विरोधात नव्हतं. रस्ता सरळ पाहिजे होता.

जुन्या लोकांना हे भीतीचं गणित चांगलं कळत होतं असं मला वाटतं. कोकणात गद्धेगाळ सापडतात, शिलाहारांच्या काळातले दानाचे दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख, खाली गाढवाचं ते चित्र, की जो हे दान मोडेल त्याच्या आईला अशी अशी शिवी. जमिनीचा कागद दगडावर लिहायचा आणि खाली शाप कोरायचा, कारण राजा जाईल, अधिकारी बदलेल, शाप राहील. आमच्यापासून जवळच आक्षीला शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मानला जाणारा शिलालेख आहे, मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांमध्ये त्याचं नाव घेतात, त्याच्यावरही चंद्र-सूर्य आहेत. तो सुद्धा कित्येक वर्षं रस्त्याच्या कडेला उघड्यावर ऊन-पाऊस खात उभा होता. मराठी भाषेच्या नावाने आपण एवढं बोलतो, आणि तिचा इतका जुना दगड पावसात.

म्हणून जेव्हा गावातले काही लोक मला म्हणाले की आपल्या देवळांचं बघायचं सोडून तू परक्यांच्या थडग्यांचं काय घेऊन बसलीस, तेव्हा मला राग नाही आला, वाईट वाटलं. कारण आपण आपल्या मेलेल्यांचं तरी काय बघितलंय? आपल्याकडे दहन, राख पाण्यात, बाराव्या-तेराव्यापर्यंत सगळं आटोपतं, पुढे वर्षातून एकदा कावळ्याला घास. दगडापाशी परत जायची सवयच नाही आपल्याला, त्यामुळे दुसऱ्याचा दगड दिसला तरी डोळ्यांना तो दिसत नाही. पण एकेकाळी आपणही दगड उभे करायचोच की. वीरगळ म्हणजे काय? लढून मेलेल्या माणसाचा दगड. सतीशिळा, तो चुड्यांनी भरलेला कोपरात वळलेला हात. बोरिवलीत एक्सरला वीरगळ आहेत त्यांच्यावर चक्क समुद्रातली लढाई कोरलीय, वल्ही मारणाऱ्या नौकांच्या रांगा, हत्ती, आणि वर स्वर्गात पोचलेला वीर. उत्तर कोकणातल्या दर्यावर्दी माणसांची ती एवढी मोठी आठवण, चारी बाजूंनी बिल्डिंगा. आणि आमच्या गावच्या देवळाबाहेर जो वीरगळ आहे त्याला मी लहानपणापासून देव समजत होते, कारण त्याच्यावर शेंदराचे इतके थर बसलेत की आतला माणूस दिसतच नाही. मागच्या जीर्णोद्धारात तो सिमेंटात पक्का बसवला. दुसरा एक तळ्यावर पालथा आहे, त्याच्यावर धुणं धुतात. तो उलटा करून बघितला पाहिजे असं मी तीन वर्षं म्हणतेय.

दोन वर्षांपूर्वी रत्नागिरीला गेले होते तेव्हा थिबा राजाची समाधी बघायला गेले. राजवाडा सगळ्यांना माहीत असतो, समाधी विचारत विचारत जावी लागते. ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा, १८८५ ला इंग्रजांनी पदच्युत केलं, पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं ते १९१६ ला तो तिथेच वारला. त्याच्या माणसांना त्याला मंडालेला न्यायचं होतं, इंग्रजांनी ते होऊ दिलं नाही, आणि शेवटी १९१९ ला इथेच दफन झालं. शेजारी धाकटी राणी. आता आजूबाजूला घरं, अपार्टमेंटं, वाळत घातलेले कपडे. पण राजा होता म्हणून कोणीतरी आलं, २०१२ ला म्यानमारचे राष्ट्राध्यक्ष थेन सेन स्वतः येऊन गेले. वसईच्या किल्ल्यात जा, पडक्या चर्चच्या जमिनीत पोर्तुगीजांचे कबरीचे दगड आहेत, नावं, घराण्यांची चिन्हं, १७३९ ला मराठ्यांनी किल्ला घेतला त्याच्याही आधीचे. त्यांच्यावर निदान पुरातत्त्व खात्याचा बोर्ड आहे, जरी प्री-वेडिंगवाले त्याच दगडांवर पाय देऊन उभे असतात. जंजिऱ्याजवळ खोकरीला सिद्दी सरदारांचे घुमट आहेत ते पण संरक्षित. म्हणजे राजा, सरदार, किल्ला असं काहीतरी लागतं. तेल गाळणाऱ्याच्या बायकोच्या दगडाला काय लागतं?

कायद्याने बघायला गेलं तर नुसतं जुनं असून काही होत नाही. केंद्राचा १९५८ चा कायदा आहे, राज्याचा १९६० चा, पण स्मारक म्हणून घोषित झालं तरच आजूबाजूच्या बांधकामाला ते शंभर मीटर-दोनशे मीटरचे नियम लागतात. साध्या माणसांचं सहा गुंठ्यांचं कबरस्तान कोण घोषित करणार. आम्हाला जे सापडलं ते सातबाऱ्यात सापडलं. आमच्या गावचे निवृत्त तलाठी आहेत, त्यांनी जुने उतारे काढायला लावले, आणि त्यात ते सहा गुंठे पोटखराबा वर्ग ब मध्ये होते. शेतीवाल्यांना माहीत असेल, पोटखराबा म्हणजे लागवडीला न येणारी जमीन, त्यात वर्ग अ म्हणजे खडक वगैरे, आणि वर्ग ब म्हणजे सार्वजनिक उपयोगाची, रस्ता, पाणवठा, आणि कुठल्याही समाजाची दहन-दफनाची जागा. खराबा! तो शब्द वाचून मला आधी कसंतरी झालं, आणि मग मी त्याच शब्दाच्या जिवावर अर्ज लिहिला. नव्या उताऱ्यात तो वर्ग कुठेतरी गळला होता, कधी कसा ते कोणी सांगत नाही. ग्रामसभेत ठराव मांडला. विरोध झाला, आवाज झाले, आणि मग मागे बसलेली एक म्हातारी बाई उठली, कोळीवाड्यातली, मी तिला ओळखत पण नव्हते, म्हणाली, "मानसं निजलीत तिथं. निजलेल्या मानसाच्या अंगावरनं गाडी नेतात का?" आणि बसली. ठराव झाला. ठरावाने फार काही होत नाही हे मला माहीत आहे, पण फेरमोजणी तरी लागली.

तोपर्यंत आमच्या हातात होतं ते एकच, नोंद करणं. काय काय आहे हेच कोणाला माहीत नव्हतं. मी, माझा मामेभाऊ, त्याची दहावीतली मुलगी आणि अलिबागच्या कॉलेजची दोन पोरं, असे दर रविवारी जायला लागलो. आधी गवत. पाऊस संपल्यावर गवत छातीइतकं असतं, ते कोयत्याने काढायचं पण दगडापाशी आल्यावर हाताने, कारण पात्याची एक ठोकर लागली की कड गेली. मग प्रत्येक कबरीला नंबर, चारी बाजूंनी फोटो, लोकेशन, लांबी-रुंदी, दगड कुठला, अक्षरं कुठली. बहुतेक चौथरे जांभ्याचे, वर चुन्याचा गिलावा, उशाला काळ्या दगडाची किंवा संगमरवराची पाटी. संगमरवर मुंबईहून आलेला असणार, ज्याच्या घरचं कोणी गोदीत किंवा पलटणीत नोकरीला असेल त्याच्यासाठी. एकूण एक्केचाळीस कबरी भरल्या. गावात विचारलं असतं तर लोकांनी दहा-बारा सांगितल्या असत्या.

इथे मला एक गोष्ट लिहायची आहे जी लिहायला मला जड जातंय. पहिल्याच रविवारी उत्साहात मी घरून तारेचा ब्रश घेऊन गेले होते. संगमरवराच्या एका पाटीवर शेवाळ आणि दगडफूल इतकं बसलं होतं की काही वाचता येत नव्हतं, मी पाणी मारून घासायला लागले. शेवाळ निघालं, छान पांढरा दगड दिसायला लागला, नाव दिसलं, अमक्याची बायको दिसलं, "सन १९०" एवढं दिसलं, आणि त्याच्या पुढचा आकडा माझ्या ब्रशखाली रवाळ पिठीसारखा सुटून माझ्या बोटांवर आला. साखरेसारखा. शंभर वर्षांपेक्षा जास्त काळ पावसाने, वाऱ्याने, खाऱ्या हवेने जो आकडा शिल्लक ठेवला होता तो मी अर्ध्या मिनिटात घालवला. मी तिथेच बसले. माझी भाची म्हणाली आत्या, फोटो आहे ना आधीचा? आधीचा फोटो होता, पण त्यात शेवाळच होतं.

नंतर मी जिथून मिळेल तिथून शिकून घेतलं. समुद्रकाठच्या दगडात मीठ शिरतं, ओलाव्याबरोबर आत जातं आणि उन्हाळ्यात दगड वाळला की आतल्या आत त्याचे खडे होतात आणि ते वरचा थर ढकलून पाडतात, म्हणून संगमरवर वरून शाबूत दिसतो पण कणाकणाने सुटलेला असतो. त्याला नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, दात घासायचा पण चालेल, तोही मऊवाला. अ‍ॅसिड नाही, साबणाची पावडर नाही, अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू घासणं नाही. आणि सिमेंट तर अजिबात नाही, लोक प्रेमाने लावतात पण त्यातून ओल बाहेर पडत नाही, मग ती दगड फोडून बाहेर येते, चुन्याची भेग चुन्यानेच भरायची. अक्षर वाचायचं असेल तर दगडाला हात लावायची गरजच नसते, उजेड तिरका लागतो. सकाळी सात-साडेसातचं ऊन, नाहीतर दुपारी आरसा धरून बाजूने कवडसा टाकायचा, जे समोरून सपाट दिसतं त्याच्यात खोल सावल्या पडतात आणि अक्षरं उठून बसतात. मामीचा ड्रेसिंग टेबलचा आरसा आम्ही त्यासाठी काढून नेतो. माझ्या हातून जे गेलं ते त्याच्याने परत आलं नाही.

आता अडचण अशी होती की पाट्यांवर वर हिब्रू आणि खाली मराठी. खालचं मी वाचायचे. बालबोध अक्षर, थोडं जुनं वळण, "हिची कबर", "राहणार", "वय वर्षे". वरचं आमच्यापैकी कोणालाच येत नव्हतं. अलिबागच्या इस्राएल आळीतल्या एका काकांनी, जे आता तिथल्या मोजक्याच उरलेल्यांपैकी आहेत, अश्दोदच्या एका मुलीचा नंबर दिला. तिची आजी आमच्याच गावची. मुलगी पंचवीस-सव्वीसची, मराठी कानाला कळतं पण देवनागरी येत नाही. मला हिब्रू येत नाही. मग आम्ही असं करायला लागलो की मी व्हिडिओ कॉल लावून फोन दगडासमोर धरायचा, वरचं तिने वाचायचं, खालचं मी, एका दगडाचे दोन तुकडे अडीच-साडेतीन तासांच्या फरकाने जुळवायचे. तिनेच सांगितलं की वरची दोन अक्षरं, पे आणि नून, म्हणजे इथे पुरलेलं आहे, आणि शेवटची पाच अक्षरं म्हणजे हिचा जीव जिवंतांच्या गाठोड्यात बांधलेला राहो. गाठोडं हा शब्द तिला तिच्या आजीने सांगितला. कबरस्तानाला पण त्यांच्यात बेथ हय्यीम म्हणतात, जिवंतांचं घर.

नोव्हेंबरमधल्या रविवारी तो संगमरवर आला. मी तिला आधीच सांगून टाकलं की याचं मराठी साल माझ्या हातून गेलंय. ती काही बोलली नाही, म्हणाली वर घे, अजून वर, आता उजेड. भाचीने आरसा वळवला. तिने चार अक्षरं म्हटली, ताव, रेश, सामेख, टेत. मग त्या अक्षरांचे आकडे, चारशे, दोनशे, साठ, नऊ. त्यांचं साल सहाशे एकोणसत्तर, वरचे पाच हजार लिहीत नाहीत पण धरायचे, त्यातून तीन हजार सातशे साठ वजा कर. मी बोटांवर करत होते आणि भाचीने फोनवर करून टाकलं, १९०९. महिना अदार, म्हणजे साधारण फेब्रुवारी-मार्च. नऊ होता. माझ्या बोटांवर जो आला होता तो नऊ होता. भाचीने वहीत रकान्यात लिहिला.

मग पलीकडे आवाज झाला, मुलीने फोन दुसऱ्या खोलीत नेला, आणि पांढऱ्या केसांची एक आजी स्क्रीनच्या फारच जवळ येऊन बघायला लागली, कपाळ आणि एक डोळा एवढंच दिसत होतं. मला म्हणाली, खालचं वाच. मी मराठी वाचलं, नाव, कोणाची बायको, राहणार. आमच्या गावाचं नाव मी पुस्तकात लिहितात तसं उच्चारलं, तिने मला दुरुस्त केलं, गावात म्हणतात तसं म्हणाली, माझी आजी म्हणायची तसं.

"उंडी हाय का गो अजून?"

मी म्हटलं, आहे. फोन वळवला. पूर्वेची मोठी फांदी जेसीबीला आडवी येत होती म्हणून तोडलेली, तिथलं लाकूड अजून लालसर. ती बराच वेळ काही बोलली नाही.

"बिया पडल्या असतील आता," म्हणाली. "वेच जरा, दाखव."

फेरमोजणीची तारीख पुढच्या महिन्यातली आहे. भाची आणि मी गुडघ्यावर बसून बिया वेचत होतो आणि ती तिकडून सांगत होती, ती नको, ती पोचट आहे, ती घे.